भारतीय फुटबॉलचे शिल्पकार : मास्तर सय्यद अब्दुल रहीम

वाचकहो, फुटबॉलमध्ये भारत एकेकाळी आशियाचा विजेता होता, असे आज वर्गात सांगितले तर निम्मी मुले हसतील आणि उरलेली मुले सरांची काहीतरी गफलत झाली असे समजतील. पण ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. आशियाई क्रीडास्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक आपल्या देशाने दोनदा पटकावले, एकदा १९५१ साली दिल्लीत आणि दुसऱ्यांदा १९६२ साली जकार्तात. या दोन विजयांच्या दरम्यान, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ चौथ्या क्रमांकापर्यंत जाऊन पोहोचला. या तिन्ही संघांच्या पाठीशी एकच माणूस उभा होता. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादच्या गल्लीबोळांत त्यांना सारे रहीमसाहेब म्हणत. पेशाने ते शाळामास्तर होते.

शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत फुटबॉलच्या प्रशिक्षकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर याच एका गोष्टीत आहे. रहीमसाहेबांनी मैदानावर जे घडवले ते शिक्षकाच्याच रीतीने घडवले. मुलाची पारख करणे, त्याला काय येत नाही ते शोधणे, ते येईपर्यंत त्याच्याकडून घटवून घेणे आणि आपण स्वतः शिकत राहणे, एवढीच त्यांची विद्या होती. ही विद्या कोणत्याही शाळेला उपयोगी पडावी अशी आहे.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या वेळचे हैदराबाद म्हणजे निजामाच्या संस्थानाची राजधानी. आपल्याला हे शहर दूरचे वाटते, पण त्या काळी आजचा सारा मराठवाडा याच संस्थानात होता. इंदापूरहून निघून सोलापूर ओलांडले आणि नळदुर्गाकडे वळले की निजामाची हद्द सुरू होई. म्हणजे ज्या राज्यात रहीमसाहेब वाढले त्या राज्यात लक्षावधी मराठी माणसेही नांदत होती.

विद्यार्थिदशेतच त्यांना फुटबॉलचा छंद लागला. हैदराबादच्या सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा 'इलेव्हन हंटर्स' नावाचा एक संघ होता, त्यातून ते खेळत. पुढे १९२७-२८ च्या सुमारास उस्मानिया विद्यापीठाच्या संघातही ते चमकले. उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून उस्मानियाची तेव्हा देशभर ख्याती होती. शहरातील साखळी सामन्यांत ते कमर क्लबकडूनही उतरत. खेळाडू म्हणून त्यांचे नाव हैदराबादेत आदराने घेतले जाई. तरीही खेळापायी त्यांनी शिक्षण सोडले नाही, हे विशेष. बी. ए. ची पदवी घेऊन ते शिक्षक झाले. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल या शाळांतून त्यांनी अध्यापन केले. शारीरिक शिक्षणाची पदविका मिळविल्यावर शेवटच्या दोन शाळांमध्ये खेळांची सारी जबाबदारी त्यांच्याकडे आली.

आपल्याकडे पी. टी. चा तास म्हणजे बहुधा गणिताच्या किंवा इंग्रजीच्या सरांनी मागून घ्यायचा तास असतो. रहीमसाहेबांनी मात्र त्या तासाला इतर विषयांच्या बरोबरीचा मान दिला. शाळेची मुले, मोहल्ल्यातील क्लबांचे तरुण आणि पोलीस दलातील शिपाई या सगळ्यांना त्यांनी एकाच निष्ठेने शिकवले. १९४० नंतरच्या दशकात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. या पदाचा उपयोग त्यांनी मानपानासाठी केला नाही. शहरातील पोरांचा खेळ मुळापासून सुधारण्याचा त्यांनी चंग बांधला.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. आपली बहुतेक मुले एकाच पायाने, साधारणतः उजव्या पायाने, चेंडू मारतात. समोरच्या बचावपटूला हे कळले की तो तीच बाजू अडवून उभा राहतो आणि मुलाचा खेळ संपतो. यावर रहीमसाहेबांनी केवळ उपदेश केला नाही. त्यांनी स्पर्धाच अशा भरवल्या की ज्यांत खेळाडूने आपल्या कच्च्या पायानेच चेंडू मारला पाहिजे. दुसरा दोष असा की चेंडू मिळाला की जो तो एकटाच तो पळवीत सुटतो. त्यावर चेंडू खेळवत न नेता लगेच साथीदाराकडे द्यायचा, असा नियम असलेले सामने त्यांनी सुरू केले. मुलाला ज्याचे अंग नाही तेच त्याच्याकडून करवून घ्यावयाचे, आणि तेही शिक्षा म्हणून नव्हे तर चुरशीचा खेळ म्हणून! अशा तालमीतून तयार झालेला हैदराबादी खेळाडू दोन्ही पायांनी चेंडू हाताळी आणि अचूक, वेगवान पास देई.

या मेहनतीचे फळ लवकरच दिसले. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाची धुरा रहीमसाहेबांकडे होती. त्या काळी कलकत्ता हे फुटबॉलचे माहेरघर समजले जाई आणि मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स कप ही देशातील मानाची स्पर्धा होती. हैदराबादच्या या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला. १९५० सालीच त्यांनी मोहन बागानसारख्या बलाढ्य संघाला नमवून ड्युरँड कपही आणला. संघातील खेळाडू साधे नोकरदार, कित्येक गरिबाघरचे. पण मैदानात उतरले की अकरा जण एका विचाराने खेळत.

वाचकहो, हा काळ कोणता होता याचे येथे स्मरण ठेवले पाहिजे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले. त्या घडामोडींत अनेक निरपराध कुटुंबांनी दुःख भोगले आणि माणसामाणसांत संशयाची भिंत उभी राहिली. अशा वातावरणात दोनच वर्षांनी हैदराबादचा संघ मुंबईत येतो आणि कूपरेजवरच्या प्रेक्षकांची मने जिंकतो. आणखी काही महिन्यांनी, मार्च १९५१ मध्ये, त्याच हैदराबादचा एक मुसलमान शाळामास्तर भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून दिल्लीच्या मैदानावर उभा राहतो. रहीमसाहेबांनी आपल्या देशप्रेमाची भाषणे दिली नाहीत. त्यांचे काम बोलत होते.

दिल्लीत भरलेल्या त्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात इराणचा १-० असा पराभव केला. विजयी गोल मेवालाल यांनी केला. स्वतंत्र भारताला फुटबॉलमधील पहिले मोठे यश लाभले.

पण यशामागून परीक्षा आली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुळीस मिळवले. फिनलंडमधील थंडीत आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले. बूट घालून खेळण्याची त्यांना सवयच नव्हती. आपल्याकडील सामनेही त्या काळी ९० मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असत. त्यामुळे पुढे दम टिकत नसे. एखाद्याने या पराभवाचे खापर हवामानावर किंवा नशिबावर फोडले असते. रहीमसाहेबांनी नापास झालेल्या हुशार विद्यार्थ्याप्रमाणे आपली उत्तरपत्रिका पुन्हा तपासली. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. रहीमसाहेबांनी आपले लक्ष खेळाडूंचा दमसास, वेग आणि संघाची मांडणी यांकडे वळवले. त्या वेळी हंगेरीचा संघ सर्व जगात गाजत होता. त्यांचा मधला आघाडीवीर पुढे उभा न राहता थोडा मागे राहून खेळे, आणि त्याला कोणी अडवावे हेच प्रतिपक्षाला समजत नसे. रहीमसाहेबांनी ही विद्या समजून घेतली आणि आपल्या मुलांच्या अंगकाठीला मानवेल अशा रीतीने ती बसवली. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने मागे चार, मध्ये दोन आणि पुढे चार अशा मांडणीने जग जिंकले. तिच्याशी मिळताजुळता खेळ भारताचा संघ त्याआधीच खेळत होता, असे फुटबॉलचे जाणकार आजही सांगतात.

चार वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये या अभ्यासाची कसोटी लागली. हंगेरीचा संघ न आल्याने भारताला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. परक्या भूमीवर, परक्या प्रेक्षकांसमोर भारताने हा सामना ४-२ असा जिंकला. त्यात तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे होते. मूळ गोव्याचा हा खेळाडू मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळत असे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई ठरला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत जाणारा पहिला आशियाई देश हा मानही भारताला मिळाला.

उपांत्य फेरीत समोर आला तो पुन्हा युगोस्लाव्हियाच. उत्तरार्धाच्या आरंभी नेव्हिलने गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. पुढे युगोस्लाव्हियाने जोर करून सामना ४-१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या सामन्यातही बल्गेरियाकडून ३-० अशी हार पत्करावी लागली आणि पदक हुकले. तरी चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले होते, त्यांच्यावर काही काळ का होईना भारताने आघाडी घेतली होती. शिक्षकाच्या कामाचे मोजमाप असेच करायचे असते. मूल कोठून निघाले आणि कोठवर पोहोचले, हे पाहिल्याशिवाय गुणपत्रिकेतील आकड्याला अर्थ नाही.

आता रहीमसाहेबांच्या पारखीबद्दल सांगतो. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावात तुलसीदास बलराम नावाचा गरीब घरचा मुलगा होता. खेळ उपजत होता, पण सरावासाठी शहरात रोज येण्याची ऐपत नव्हती. रहीमसाहेबांनी त्याला भाड्याच्या सायकलीसाठी पैसे दिले, ही आठवण बलराम उतारवयातही सांगत असत. एवढ्याशा पैशांच्या मदतीतून देशाला एक थोर आघाडीवीर मिळाला. पीटर थंगराजसारखा उंचापुरा गोलरक्षक, नूर मोहम्मद, अझीझ, सलाम, झुल्फिकार, युसुफ खान असे कितीतरी हैदराबादी खेळाडू त्या पिढीत राष्ट्रीय संघात पोहोचले. १९५६ च्या ऑलिंपिक संघात तर हैदराबादच्या खेळाडूंचा मोठाच भरणा होता.

पारख म्हटली की पक्षपाताची शंका येतेच. तिचेही उत्तर रहीमसाहेबांच्या वागण्यातच सापडते. १९६० च्या रोम ऑलिंपिकला त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम भारतीय पथकात होते. पण प्रत्यक्ष सामन्यात त्यांना एकदाही संधी मिळाली नाही. ज्याची गरज होती तो खेळला, पुत्र बाकावर बसून राहिला. हेच हकीम पुढे भारतीय हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच म्हणून नावाजले आणि २०१७ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. बापाने मुलाला ओळखीच्या बळावर पुढे ढकलले नाही म्हणून मुलाचे काही अडले नाही. आपल्या संस्थांतून काम करणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रोमला भारताचा गट अवघड होता. हंगेरीशी आपण २-१ असे झुंजून हरलो. फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली. पेरूकडून ३-१ अशी हार झाली. आपण पुढील फेरीत गेलो नाही, पण हंगेरी आणि फ्रान्स यांसारख्या देशांना भारतीय संघाने घाम फोडला होता.

यानंतर १९६२ साल उजाडले. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठी रहीमसाहेबांनी बांधलेला संघ म्हणजे लहानसा हिंदुस्थानच होता. बंगालचे चुनी गोस्वामी कर्णधार आणि त्यांच्या जोडीला प्रदीपकुमार बॅनर्जी. हैदराबादकडचे बलराम, थंगराज आणि युसुफ खान. पंजाबचा शीख बचावपटू जर्नेलसिंग. मूळ गोव्याचा आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा फॉर्च्युनाटो फ्रँको. भाषा निराळ्या, धर्म निराळे, जेवण्याखाण्याच्या तऱ्हा निराळ्या. या सर्वांना एका ओळीत उभे करणारा मास्तर मात्र स्वतः आतून पोखरला जात होता. कर्करोगाने त्यांना ग्रासले होते.

स्पर्धेचा प्रारंभच अपशकुनी झाला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. पुढे थायलंडविरुद्ध ४-१ असा विजय मिळाला, पण त्या सामन्यात जर्नेलसिंगच्या डोक्याला जबर दुखापत होऊन टाके घालावे लागले. जपानला २-० असे नमवून भारत उपांत्य फेरीत गेला. जखमी जर्नेलसिंगचे काय करावे हा पेच होता. रहीमसाहेबांनी सर्वांना चकित करणारा निर्णय घेतला. मागच्या फळीतील या धिप्पाड गड्याला त्यांनी थेट आघाडीवर नेऊन उभे केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारताने ३-२ अशी बाजी मारली आणि त्यातला एक गोल जर्नेलसिंगचा होता.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी होता आणि समोर पुन्हा दक्षिण कोरिया. मैदानाबाहेरची परिस्थिती तर त्याहून बिकट. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश दिला नव्हता, आणि त्यावर भारताचे क्रीडा प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती. त्यामुळे जकार्तातील लोक भारतावर चिडले होते. भारतीय वकिलातीवरही जमाव चालून गेला होता. स्टेडियममध्ये बसलेला प्रचंड जनसमुदाय भारतीय खेळाडूंची हुर्यो उडवत होता. अशा वेळी पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडूंनी प्रेक्षकांत बसून भारताला प्रोत्साहन दिले, अशी आठवण आपल्या खेळाडूंनी पुढे सांगितली आहे. खेळाचे मोठेपण ते हेच!

त्या गोंगाटात मास्तरांची शिकवण कामी आली. प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. थोड्याच वेळात डोक्याला टाके असलेल्या जर्नेलसिंगने दुसरा केला. कोरियाने अखेरीस एक गोल फेडला, पण गोलरक्षक थंगराज आणि बचावफळी यांनी किल्ला लढवला. भारत २-१ असा जिंकला. ज्या संघाने पहिल्या सामन्यात हरवले त्यालाच हरवून सुवर्णपदक मिळाले होते.

हा रहीमसाहेबांचा अखेरचा मोठा विजय. भारतात परतल्यावर त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि ११ जून १९६३ रोजी, वयाची ५४ वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्यांनी या जगाचा निरोप घेतला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्यांच्या पश्चात भारताने १९७० साली आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. सुवर्णपदक मात्र त्यानंतर पुन्हा आपल्या हाती आलेले नाही. रहीमसाहेबांचे शिष्य प्रदीपकुमार बॅनर्जी स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले आणि त्यांची विद्या पुढील पिढीकडे गेली. उत्तम प्रशिक्षकांना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, तेव्हा मास्तरांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. हयातीत त्यांच्या वाट्याला मोठे मानसन्मान आले नाहीत. २०२४ साली त्यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला आणि नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. एकसष्ट वर्षांनी का होईना, समाजाने आपल्या एका मास्तराची आठवण केली.

वाचकहो, हे चरित्र वाचून आपण काय घ्यावे? कन्हेरीसारख्या आपल्या गावांतून कबड्डी, कुस्ती, क्रिकेट यांची आवड असलेली मुले पुष्कळ आहेत. पालकांना वाटते की खेळ म्हणजे अभ्यासाचा शत्रू. रहीमसाहेब स्वतः खेळाडू असून पदवीधर होते आणि शिक्षक होते. त्यांना खेळ आणि पुस्तक यांत भांडण दिसले नाही. म्हणून आपल्या पाल्याने मैदान मागितले तर त्याला ते द्या, आणि त्याच्या दप्तराकडेही लक्ष ठेवा. एखाद्या गरीब घरच्या पोराची हुशारी केवळ येण्याजाण्याच्या पैशावाचून अडत असेल, तर बलरामच्या सायकलीची आठवण ठेवा. ती मदत फार मोठी लागत नाही. वेळेवर मात्र व्हावी लागते.

शिक्षकबांधवांना तर माझे एवढेच सांगणे आहे की आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाचा एक पाय पक्का आणि एक कच्चा असतो. कोणाचे गणित कच्चे, कोणाचे मराठी, तर कोणाला चार माणसांत उभे राहून बोलता येत नाही. पक्क्या पायाचे कौतुक सगळेच करतात. कच्च्या पायाकडे पाहणारा मास्तर त्या मुलाला जन्मभर आठवतो. तसेच आपला समाज शिक्षणात मागे राहिला म्हणून कुढत बसण्यापेक्षा, दहा गोलांनी हरल्यावर पुन्हा मैदानात उतरणाऱ्या त्या माणसाकडे पाहावे. त्याने चार वर्षे मेहनत केली आणि आपल्या मुलांना जगातील पहिल्या चारांत नेऊन बसवले.

मरहूम रहीमसाहेबांची अल्लाहतआला मगफिरत करो, आणि त्यांच्यासारखे मास्तर आमच्या प्रत्येक शाळेला लाभोत, हीच दुआ. आमीन.